शिक्क्याचा लॅपटॉप

परवा बायकोसाठी लॅपटॉप घ्यायला गेलो होतो. काउंटरवरचा पोरगा झाकणावरचं चकचकीत नाव माझ्या तोंडासमोर धरून रॅम, मेमरी, काय काय सांगत होता. मी ते ऐकता ऐकता त्याच्या हातातून यंत्र घेतलं आणि सरळ पालथं घातलं. पोरगा दचकला. "सर, खाली काही नाहीये." बायकोनं कपाळाला हात लावला. "झालं! आली ह्यांच्या अंगात बेबीताई."

आता त्या पोराला काय सांगणार, की अहो, सहा वर्षं ज्या बाईच्या समोर बसून नोकरी केली, तिनं सरळ बाजूनं म्हणून काही बघायचंच नाही अशी सवय लावलीय. लग्नाची पत्रिका आली तरी आधी मागची बाजू. बिस्किटाचा पुडा, स्टीलचं ताट, नवी चप्पल, सगळं आधी पालथं. आमच्या शेठनं ऑफिसला नव्या खुर्च्या आणल्या तेव्हा आम्ही सगळे पटापट बसून बघत होतो आणि बेबीताई एकटी खुर्चीखाली डोकं घालून बघत होती. "बस, पन जपून. एक इस्क्रू न्हाय हिला," म्हणाली. मी आधीच बसलो होतो.

बेबीताई भोईर. पन्नाशी उलटलेली बाई आणि नाव बेबी. त्यावर कुणी हसलं तर म्हणायची, "बारशाला तू व्हतास का? मंग?" राहायची दिघाशीला. नवरा काशिनाथभाऊ शेती बघायचा, भात आणि पावसाळ्यात काकडी. हा माणूस इतका कमी बोलायचा की मी त्यांच्या घरी तीनदा जेवलो, तरी त्यांचा आवाज कसा आहे हे मला अजून नीटसं आठवत नाही. त्यांच्या वाटचंही बेबीताईच बोलायची. सकाळी सहा आसनी रिक्षातून भिवंडीत उतरायची, डबा ठेवायची, दोऱ्यानं बांधलेला चष्मा नाकावर चढवायची आणि टेबलाशी उभी राहायची. डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. वास पहिला माझ्या केबिनमध्ये यायचा, बेबीताई नंतर.

आमचं फोल्डिंगखातं होतं. लूमवरून उतरलेलं कोरं कापड ताक्यांनी आमच्याकडे यायचं. ताका म्हणजे शंभरेक मीटरचं सलग कापड. तिरक्या टेबलावर तो ओढायचा, मागून ट्यूबलाइट, आणि बायका त्यातली खोट शोधायच्या. तुटलेली तार, जाड-बारीक पट्टी, तेलाचा डाग. गाठ असेल तर चिमट्यानं काढायची, तार तुटली असेल तर सुईनं भरायची. मग घडी, आणि सगळ्यात शेवटी ताक्याच्या तोंडाला शिक्का. शिक्का आमचा नव्हे हं. ज्या पार्टीनं माल घेतला तिचा. रस्त्यावरच्या मोठ्या पाट्यांवर जी नावं दिसतात त्यातली दोन-तीन मी रोज आमच्या गल्लीत, शाईनं हात काळे झालेल्या माणसाकडून उमटताना बघितली आहेत. मी काचेच्या केबिनमध्ये कॉम्प्युटरवर चलान काढायचो. त्या खात्यातला एकमेव कॉम्प्युटर माझ्यापुढे, म्हणून बेबीताईनं माझं नावच ते करून टाकलं. "ए कॉम्पुटर, चा घेतला का?" घरी मला संजय म्हणतात, हे तिला माझ्या बायकोनं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "असंल."

तिचा हात असा की बस्स. डोळे मिटून कापडावरून तळवा फिरवायची आणि "हितं" म्हणून थांबायची. तिथं खोट असायचीच. लूमवाले तिला वचकून असायचे. कुणाचा ताका खराब निघाला की ती थेट त्या कारागिराला निरोप धाडायची आणि तो आला की तिची खास हिंदी सुरू. "ए भाईसाब, ये तेरा तार तुटेला है, तेरा ध्यान किधर था? गाव से चिठ्ठी आया क्या?" तो पोरगा ओशाळून हसायचा. "मौसी, गलती हो गया." मग तीच त्याला आपल्या डब्यातली अर्धी भाकरी द्यायची. रागावणं आणि जेवू घालणं ह्यात तिच्या लेखी फारसा फरक नव्हता.

कल्याणच्या दुकानातली गोष्ट तर मी हजार वेळा सांगितली असेल. तिच्या भाच्याच्या लग्नाचं कापड घ्यायचं होतं. तिनं मला आणि माझ्या बायकोला बरोबर नेलं. एसी दुकान, काचेची दारं. दुकानदारानं मोठ्या नावाचा पँटपीस टाकला आणि त्या नावाचं कौतुक सुरू केलं. बेबीताईनं पीस उलटा केला, तळवा फिरवला, चष्मा वर केला आणि एकदम ओरडली, "अगं बाय! ही तर माझी गाठ!"

दुकानातली माणसं वळून बघायला लागली. तुटकी तार भरताना बेबीताई शेवटी दोरा मागच्या बाजूला तीन वेळा घ्यायची, इतर बायका दोनदा. कापडावर रंग चढला होता, इस्त्री झाली होती, कडेला सोनेरी अक्षरांत नाव आलं होतं, आणि मागं तिची ती बारीकशी गाठ जागेवर होती. दुकानदार आधी चिडला, मग त्याला मजा वाटली, त्यानं थंडा मागवला. बेबीताई अशी काही खूश झाली होती, जणू माहेरचं माणूस भेटलं. मी म्हटलं, "घ्या मग हाच पीस." तर म्हणते, "येडा का काय? खोट व्हती म्हनून तर भरला ना! दुसरा दाखवा, शेठ."

तेव्हापासून नावावर तिचा विश्वास म्हणून राहिला नाही. खरं तर आधीही नसावा. "नाव शेवटाला छापतात, कॉम्पुटर," ती मला बजावायची. "आदी कापड असतं."

आमच्याकडे माल बघायला एक दलाल यायचा. पांढरी सफारी, बोटात अंगठ्या. तो टेबलावर आला की आधी ताक्याचं तोंड बघायचा, शिक्का वाचायचा, आणि मग कापड चिमटीत धरून मान हलवायचा. एकदा चहाच्या वेळी बेबीताईनं त्याच्याशी वडापावची पैज लावली. दोन तुकडे पुढे ठेवले. एकावर मोठ्या नावाचा शिक्का, दुसऱ्यावर तिनं खडूनं नुसती फुली मारलेली. दलालानं दोन्ही तुकडे कुरवाळले, गालाला लावले, आणि शिक्क्याचा तुकडा उचलून म्हणाला, "देखो मौसी, हाथ लगाते ही पता चलता है. ये चीज ही अलग है." बेबीताईनं दोन्ही तुकडे शेजारी ठेवले आणि कापलेली कड कडेला लावून दाखवली. एकाच ताक्यातून, एकाच कात्रीनं कापलेले. शेठ हसून हसून खोकायला लागला. दलालानं वडापाव दिला, पण दुसऱ्या दिवशीही तो आधी शिक्काच वाचत होता. बेबीताईनं मला केबिनच्या काचेतून खूण केली, बघ म्हणून.

हे सगळं सांगतोय ते लॅपटॉपसाठी. दोन हजार आठ-नऊचा सुमार असेल. बेबीताईची मुलगी शीतल कल्याणच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होती, शेवटचं वर्ष. पोरगी हुशार, आईसारखीच तोंडाळ. पण घरी कॉम्प्युटर नाही. कॉलेज सुटलं की भिवंडीत येऊन सायबर कॅफेत बसायची, आणि दिघाशीची रिक्षा भरली की अर्धं काम टाकून पळायची. मागच्या परीक्षेत एक विषय राहिला. झालं, तिच्या थोरल्या काकांना तेवढंच निमित्त. पडघ्याकडचं एक स्थळ ते खिशात घेऊनच फिरत होते. घरात बैठक बसली. बेबीताईनं भर बैठकीत दिरांना सांगितलं, "वरीस पुरं होऊ द्या. कॉलेजात कंपनीवाले येतात, पोरींना नोकरीला घेतात. शीतलला घेतली तर लग्नाचा विषय तिच्या मर्जीनं. न्हाय घेतली तर मी सवता नारळ घिऊन त्या घरी जाईन." काशिनाथभाऊ त्या दिवशी बोलले म्हणे. "बरोबर बोलतीय," एवढंच.

बोलायला बोलून गेली, पण दुसऱ्या दिवशी खात्यात आली ती उतरलेल्या तोंडानं. माझ्या केबिनमध्ये आली, दार लावलं. सहा वर्षांत दार लावून आम्ही कधी बोललो नव्हतो. "कॉम्पुटर, मला एक लॅपटॉप घिऊन दे. एकच घ्यायचा हाय. चुकला तर दुसरा न्हाय घेता येनार मला."

मी काय, लगेच शहाणा झालो. नावाजलेल्या कंपनीचाच घ्या म्हटलं. वॉरंटी असते, सर्व्हिस सेंटर असतं. ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मी त्या दलालाची सफारी घालून आलोय असं मला वाटलं. मग आम्ही दोन्हीकडे गेलो, साध्या दुकानातही आणि नावाजलेल्या कंपनीच्याही.

पहिलं भिवंडीतलं इम्रानभाईचं दुकान. दोन माणसं उभी राहतील एवढी जागा, भिंतीला उघडे कॉम्प्युटर लटकलेले. त्याच्याकडे एक स्वस्तातला लॅपटॉप होता, ज्याच्या कंपनीचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही ऐकलं नाही. ठाण्याच्या दुकानातल्या एका लॅपटॉपच्या पैशात हे जवळजवळ दोन आले असते. बेबीताईनं तो पालथा घातला. स्क्रू मोजले. म्हणाली, खोल. इम्रानभाईनं आधी माझ्याकडे बघितलं, मग मुकाट्यानं स्क्रू काढले. ती चष्मा सरसावून त्या तारा, त्या हिरव्या पट्ट्या कितीतरी वेळ बघत होती. तिला त्यातलं काय कळत होतं कोण जाणे. पण तिनं बोटानं एक वायर दाखवली, "ही ढिली क्यूं है?" आणि ती खरोखर ढिली होती. इम्रानभाईनं ती बसवली आणि त्यानंतर तो तिच्याशी जरा अदबीनं बोलायला लागला. मग तिनं झाकण उघड-बंद करायला सुरुवात केली. दहा वेळा, वीस वेळा. इम्रानभाई कळवळला. "मौसी, बस करो, टूट जाएगा!"

"अभी तुटेगा तो तेरा. बाद में तुटेगा तो मेरा. मेरी बेटी हजार बार खोलनेवाली है."

झाकण तुटलं नाही. निघताना ती मला म्हणाली, "बरा हाय. बिघडला तर ह्यो मानूस इथंच हाय, पलून न्हाय जानार."

ठाण्याचं दुकान मोठं. नावाजलेला लॅपटॉप गुळगुळीत, झाकणावर नाव असं की पलीकडच्या फुटपाथवरून वाचता यावं. तिनं पालथा घातला तोवर ठीक होतं. खोल म्हणाली तेव्हा तिथला टायवाला म्हणाला, "मॅडम, सील तोडता येत नाही. कंपनीचं नाव आहे ना वर." बेबीताई म्हणाली, "मंग मी बगू काय? नाव?" झाकण तिसऱ्यांदा उघडल्यावर त्यानं हळूच हातातून काढून घेतला. परत येताना ती बसमध्ये सगळा रस्ता त्याची नक्कल करत होती.

ठरलं. इम्रानभाईचा घ्यायचा. शीतलचीही तक्रार नव्हती. "वर्गात सगळ्यांकडे भारीतले आहेत, पण मला काय, चालला म्हणजे झालं," म्हणाली. मीसुद्धा तोवर बेबीताईच्या बाजूचा झालो होतो. शुक्रवारी लूमची सुट्टी, तेव्हा आणायचा.

शुक्रवारी सकाळी मी टेमघरला घरी आंघोळ करतोय तर बाहेर बेबीताईचा आवाज. चांगलं लुगडं नेसून, पिशवी घेऊन हजर. "चल, ठान्याला जायचंय."

"ठाण्याला? इम्रानभाईकडे ना?"

"न्हाय. तो नाववाला घ्यायचा."

मला असा राग आला म्हणून सांगू! सहा वर्षं ह्या बाईनं माझं डोकं खाल्लं, नाव शेवटाला छापतात, नाव शेवटाला छापतात, आणि आता हे? मी तिला तोंडावर बोललो. म्हटलं, तुमच्यात आणि त्या दलालात फरक काय राहिला? बायकोनं मला डोळ्यांनी दटावलं. आम्ही गेलो, तिनं पिशवीतून पैसे काढून दिले. ह्या वेळी पालथा घातला नाही, झाकणसुद्धा उघडून बघितलं नाही. ते मला फार लागलं. टायवाला हसून म्हणाला, "गुड चॉइस, मॅडम."

बसमध्ये खोका मांडीवर घेऊन बसली होती. अर्ध्या रस्त्यात आपणहून बोलली.

"कॉम्पुटर, कंपनीवाला येनार म्हंजे कोन येनार? दलालच ना? पोरगी आपला लॅपटॉप समोर मांडनार. तो आदी काय बगल? तूच सांग. तीस वर्सं मी बगतीय. मला कापड कलतं रे. पन मी थोडीच नोकरी देनार हाय?" मग जरा थांबून म्हणाली, "माझं कापड सगल्या दुनियेत गेलं. कुनाला ठावं हाय का, कोनी भरलं? माझं जाऊ दे. तिचं तसं व्हायला नको."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. सकाळी बोललेल्या शब्दांची लाज वाटत होती आणि वाईटही वाटत होतं. तिचं बोलणं चूक आहे असं मला म्हणायचं होतं, पण कुठल्या तोंडानं म्हणणार? सफारीवाला मी पण रोज बघत होतोच की.

दुसऱ्या दिवशी ती शेतातल्या काकड्या घेऊन इम्रानभाईकडे गेली आणि त्याला खरं काय ते सांगून आली. तुझा माल चांगला आहे, पण मला शिक्का पाहिजे होता. इम्रानभाईनं काकड्या ठेवून घेतल्या आणि तिला लॅपटॉपची एक बॅग फुकट दिली. त्यानंतर खात्यात जो कुणी कॉम्प्युटरचं नाव काढील त्याला ती त्याच्याच दुकानात पाठवायची.

शीतलनं प्रोजेक्ट कशावर केला, तर कापडाच्या खोटींवर. कुठल्या लूमचा ताका, कितव्या मीटरला कसली खोट, कुणी भरली, हे सगळं नोंदवायचं आणि कुठली लूम वारंवार तीच चूक करते ते काढून द्यायचं. दोघी मायलेकी संध्याकाळी लॅपटॉपपुढे बसायच्या. आई सांगायची, मुलगी टाइप करायची. भांडणंही जोरात. "अशी खोट नसतेच," बेबीताई म्हणायची. "आई, कॉम्प्युटरला सगळं सांगावं लागतं." "मंग तो कसला हुशार?" दुसऱ्या दिवशी मला हे सगळं अभिनयासकट ऐकायला मिळायचं. त्या महिन्यांत ती इतकी आनंदात असायची की टेबलाशी उभी राहून आपल्याशीच हसायची. फक्त कंपनीवाल्यांचा विषय निघाला की गप्प व्हायची.

त्याच सुमारास मला मानकोलीला एका गोदामात नोकरी लागली. शनिवार माझा खात्यातला शेवटचा दिवस, आणि नेमके त्याच दिवशी कॉलेजात कंपनीवाले येणार होते. बेबीताईनं सुट्टी घेतली. एवढ्या वर्षांत तिनं आपणहून सुट्टी घेतल्याचं मला आठवत नाही. ती सकाळीच शीतलबरोबर कल्याणला गेली आणि दिवसभर कॉलेजच्या फाटकाबाहेर बसली.

संध्याकाळी मी सगळ्यांचा निरोप घेऊन निघालो तो रिक्षास्टँडवर त्या दोघी दिसल्या. दिघाशीची रिक्षा अजून भरायची होती. बेबीताई आत बसलेली, मांडीवर इम्रानभाईची बॅग, बॅगेत लॅपटॉप. शीतल बाहेर उभी. मला बघताच पोरगी ओरडली, "संजयदादा, घेतलं! मला घेतलं!"

मी इतका खूश झालो की तिथंच टाळ्या वाजवल्या. रिक्षावाल्यानंही वाजवल्या. म्हटलं, "बघा बेबीताई, शेवटी तुमचंच खरं. शिक्का कामाला आला."

शीतल हसायला लागली. "कसला शिक्का! बॅगेतून बाहेरच नाही काढला. त्यांनी सगळ्यांचे प्रोजेक्ट पेन ड्राइव्हवर मागितले आणि कॉलेजच्या त्या जुन्या डबड्या कॉम्प्युटरवर लावले. सगळ्यांचे तिथंच. एका सरांनी माझा अर्धा तास बघितला. आत काय कसं केलंय, सगळं उघडायला लावलं. मग विचारलं, ह्या खोटी इतक्या बारकाईनं तुला कुणी शिकवल्या? मी सांगितलं, आईनं. ते म्हणाले, त्यांना माझा नमस्कार सांग."

मी बेबीताईकडे बघितलं. मला वाटलं, आता एवढे पैसे वाया गेले म्हणून कपाळ बडवून घेईल. आधी तिला ते नीट कळलंच नाही बहुतेक. मग तिच्या लक्षात आलं, आणि ती जी हसत सुटली! पोट धरून, चष्मा काढून, रिक्षातल्या बायकांच्या अंगावर पडून पडून हसली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पदरानं पुसायची आणि पुन्हा हसायची. रिक्षा भरली, शीतल आत बसली, रिक्षावाल्यानं हँडल मारलं. तेवढ्या आवाजात बेबीताईनं वाकून माझा हात धरला आणि म्हणाली,

"अरं कॉम्पुटर, निघाला रं! येक तरी कापड बगनारा निघाला!"